कार्ड मशीनची कपात: दर विचारू नका, हिशेब मागा

जळगावच्या फुले मार्केटमधले कापड दुकान असो, गोलाणी मार्केटमधला मोबाइलचा गाळा असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरचे भांड्यांचे दुकान असो, कार्ड मशीनविषयी छोट्या व्यापाऱ्यांचा प्रश्न सगळीकडे एकच असतो: मोठ्या शोरूमकडून बँक कमी कापते, मग आमच्याकडून जास्त का? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात मावत नाही. मशीन एकच असले तरी त्यातून चार वेगवेगळ्या प्रकारचा खर्च निघतो आणि प्रत्येकाला लहान-मोठेपणाचा नियम वेगळा लागतो. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेचा नियम छोट्या दुकानदाराच्या बाजूने आहे. क्रेडिट कार्डावर कमाल दराचा नियमच नाही, त्यामुळे तिथे मोठ्याचा जोर चालतो. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारे यूपीआय यांवर लहान-मोठा असा भेदच नाही, दोघांनाही कपात शून्य. मशीनचे भाडे मात्र दोघांना सारखे असते, आणि म्हणूनच ते छोट्याला अधिक जड जाते. हे चारही खर्च एका टक्केवारीत मिसळले गेले, की छोट्या दुकानदाराला नियमाने दिलेला फायदा कुठे गेला ते कळत नाही. ते कसे ओळखायचे आणि हक्काचे पैसे कसे मागायचे, ते क्रमाने पाहू.

पैसे नेमके कोण कापते?

विक्रीच्या रकमेतून जी टक्केवारी वजा होऊन उरलेले पैसे तुमच्या खात्यात येतात, तिला मर्चंट डिस्काउंट रेट म्हणजेच एमडीआर म्हणतात. तिचे वाटेकरी तीन: ग्राहकाला कार्ड देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे नेटवर्क, आणि तुम्हाला मशीन देणारी बँक. यांतला मोठा वाटा बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि तो कार्डाच्या प्रकारावर व तुमच्या धंद्याच्या वर्गावर ठरतो. निर्णयासाठी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, कारण घासाघीस कुठे करायची ते यातूनच कळते. मशीन देणारी बँक तुम्हाला सूट देते ती प्रामुख्याने स्वतःच्या वाट्यातून. महिन्याला वीस-पंचवीस लाखांची कार्डविक्री देणाऱ्या सराफी पेढीसाठी तो वाटा कमी करणे बँकेला परवडते. चाळीस हजारांची विक्री देणाऱ्या दुकानासाठी ती आपणहून तसे करणार नाही. म्हणून छोट्या दुकानदाराने घासाघिशीवर भिस्त ठेवण्याआधी नियमाने जे मिळाले आहे ते पदरात पाडून घ्यावे.

डेबिट कार्ड: नियम छोट्याच्या बाजूने

रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०१७ रोजी डेबिट कार्डावरील एमडीआरची कमाल मर्यादा नव्याने ठरवली आणि ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. त्याआधी दर व्यवहाराच्या रकमेवर ठरायचा. तेव्हापासून तो दुकानदाराच्या मागील आर्थिक वर्षातल्या उलाढालीवर ठरतो.

- उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत: मशीनवर किंवा ऑनलाइन व्यवहाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, क्यूआर कोडवर कार्डाने दिल्यास ०.३० टक्के. एका व्यवहाराला २०० रुपयांपेक्षा जास्त कपात नाही.
- उलाढाल २० लाखांहून अधिक: मशीनवर किंवा ऑनलाइन ०.९० टक्के, क्यूआरवर ०.८० टक्के. एका व्यवहाराला १,००० रुपयांपेक्षा जास्त कपात नाही.

हे कमाल दर आहेत. बँक यापेक्षा कमी घेऊ शकते, जास्त घेऊ शकत नाही. पण अडचण येते ती नोंदीत. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत आहे हे बँकेच्या नोंदीत नसेल, तर तुम्ही दुसऱ्या वर्गात मोजले जाता आणि ०.४० ऐवजी ०.९० टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक कपात मुकाट सुरू राहते. मशीन घेताना भरलेल्या अर्जात उलाढालीचा रकाना अंदाजाने भरला गेला असेल किंवा रिकामा राहिला असेल, तर आधी तो तपासा. मर्यादा मागील आर्थिक वर्षाची असल्यामुळे ज्यांची उलाढाल वीस लाखांच्या आसपास वरखाली होते, त्यांनी दर एप्रिलमध्ये हा वर्ग पुन्हा पाहून घ्यावा.

‘छोटा’ या शब्दाचे अर्थही ठिकठिकाणी वेगळे आहेत आणि बराच गोंधळ त्यातून होतो. उद्यम नोंदणीत ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून मिळणाऱ्या प्रमाणपत्राची उलाढाल मर्यादा आता दहा कोटी रुपये आहे. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आहे. डेबिट कार्डाच्या दरासाठी मात्र २० लाखच धरले जातात. त्यामुळे उद्यम प्रमाणपत्र दाखवले म्हणून ०.४० टक्के दर मिळेल असे समजू नका. उलट जीएसटी नोंदणी नाही म्हणून तुम्ही आपोआप छोट्या वर्गात बसता, असेही नाही.

ही मर्यादा उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही, हे खान्देशातल्या दोन धंद्यांनी विशेष लक्षात घ्यावे. दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यावर वर्षाला दोनशे ग्रॅम सोने विकणारा, एकट्याने भट्टी सांभाळणारा सोनारही वीस लाखांच्या वर जातो. मोबाइल विक्रेत्याचेही तेच. मार्जिन तुटपुंजे, पण बिलाचा आकडा मोठा. नियमाच्या लेखी हे दोघे मोठे व्यापारी ठरतात. त्यांना आधार आहे तो व्यवहारामागच्या कमाल रकमेचा. दोन लाखांचा दागिना डेबिट कार्डावर गेला तर ०.९० टक्क्यांनी १,८०० रुपये होतील, पण कपात १,००० रुपयांवर थांबलीच पाहिजे, म्हणजे प्रत्यक्ष दर अर्धा टक्का. लग्नसराईतली आणि आखाजीची मोठी बिले काढून हा एक आकडा जरूर पडताळून पाहा.

क्रेडिट कार्ड: इथे मर्यादा नाही

वरचे सगळे संरक्षण डेबिट कार्डापुरते आहे. क्रेडिट कार्डावरील एमडीआरला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. दर करारावर ठरतो. तो साधारण दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असतो आणि प्रीमियम, कंपनीच्या नावावरच्या किंवा परदेशी कार्डांना आणखी चढा असू शकतो. मोठ्या दुकानाला मिळणारी खरी सवलत इथली आहे. तोच दोन लाखांचा दागिना क्रेडिट कार्डावर गेला आणि दर दोन टक्के धरला, तर कपात ४,००० रुपये, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२० रुपये. डेबिटच्या चौपट कपात, तीही त्याच मशीनवर, त्याच ग्राहकाकडून. म्हणून ‘तुमचा कार्डाचा दर किती?’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा दर वेगळा विचारावा लागतो. डेबिट, क्रेडिट आणि प्रीपेड कार्डांचे दर दुकानदाराला वेगवेगळे दाखवावेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच बँकांना केली आहे. तेव्हा ‘सरसकट दीड टक्का’ असे कुणी सांगितले, की तिथेच थांबून सुटे दरपत्रक मागा.

रुपे डेबिट आणि यूपीआय: कपात शून्य, पण दोन अपवाद

१ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर घेता येत नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात त्यासाठी कलम १०अ घालण्यात आले आहे. जनधन खात्यांबरोबर दिलेली कार्डे रुपेची आहेत, त्यामुळे चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर अशा तालुक्याच्या बाजारात येणाऱ्या डेबिट कार्डांत रुपे कार्ड हमखास असते. ही कार्डे सरसकट दरात मोजली गेली, तर जिथे एक पैसाही कापायचा नाही तिथे तुमचे पैसे जातात.

यूपीआयच्या बाबतीत दोन गोष्टींनी गोंधळ होतो. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते. ग्राहक तोच क्यूआर स्कॅन करतो, आवाजाचा डबा तेच वाक्य बोलतो, पण पैसे क्रेडिट कार्डावरून येतात. छोट्या दुकानदारांना अशा २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर नाही. त्यावरच्या रकमेवर तो लागतो. दुसरी गोष्ट वॉलेटची. वॉलेटमधून यूपीआयने २,००० रुपयांहून अधिक रक्कम आली, तर १ एप्रिल २०२३ पासून त्यात १.१ टक्क्यांपर्यंत आंतरबँक शुल्क आहे. ते ग्राहकाकडून घेतले जात नाही, म्हणून त्याचा भार तुमच्या करारात आला आहे का, हे पाहावे लागते. ‘यूपीआयवर पैसे कापले’ अशी तक्रार करण्याआधी तो व्यवहार बँक खात्यातून झाला की क्रेडिट कार्ड किंवा वॉलेटमधून, हे विवरणात तपासा. पहिल्या प्रकारात कपात बेकायदा आहे, दुसऱ्यात नाही.

भाडे: दर सारखा, भार वेगळा

आता सगळ्यात दुर्लक्षित खर्चाकडे वळू. समजा, पारोळ्याच्या एका कापड दुकानाची गेल्या वर्षीची उलाढाल १८ लाख आहे आणि मशीनवर महिन्याला ४०,००० रुपयांची विक्री होते: रुपे डेबिटवर १५,०००, इतर डेबिट कार्डांवर १०,००० आणि क्रेडिट कार्डांवर १५,०००. नियमाप्रमाणे रुपेवर शून्य, इतर डेबिटवर ०.४० टक्क्यांनी ४० रुपये आणि क्रेडिटवर दोन टक्के धरून ३०० रुपये, एकूण ३४०. याच दुकानाने सरसकट दीड टक्का मान्य केला असेल, तर कपात ६०० रुपये. क्रेडिटचा दर दोनवरून दीडवर आला, सौदा चांगला झाला असे वाटते, पण महिन्याला २६० रुपये जास्त जातात.

त्यात भाडे मिळवा. महिना ३५० रुपये भाडे आणि त्यावर जीएसटी धरला, तर ४१३ रुपये होतात, म्हणजे नियमाप्रमाणे होणाऱ्या ३४० रुपयांच्या एमडीआरपेक्षा जास्त. ४०,००० रुपयांच्या विक्रीवर हे भाडेच १ टक्क्याहून अधिक पडते. धुळ्यातल्या महिन्याला २० लाखांची कार्डविक्री असलेल्या शोरूमला तेच ४१३ रुपये ०.०२ टक्के पडतात. शिवाय खान्देशातली खरेदी हंगामावर चालते. दिवाळी, कापसाचे पैसे, लग्नसराई, आखाजी या काळात मशीनला उसंत नसते आणि पावसाळ्यात ते पडून असते. भाडे मात्र बारा महिने जाते. छोट्या दुकानदाराने एमडीआरच्या अर्ध्या टक्क्यासाठी भांडण्याआधी भाडे कमी करून घ्यावे, बिनभाड्याचे मशीन मिळते का पाहावे, किंवा आपली कार्डविक्री मशीन ठेवण्याइतकी आहे का, याचा विचार करावा.

जीएसटी: दोन हजारांची रेघ

एमडीआरवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण कार्डाने झालेला एकच व्यवहार २,००० रुपयांपर्यंतचा असेल, तर बँकेच्या त्या सेवेवर जीएसटी माफ आहे. किराणा, औषधे, स्टेशनरी अशा छोट्या बिलांच्या दुकानांनी विवरणात ही ओळ मुद्दाम पाहावी. याहून मोठ्या व्यवहारांवर लागलेल्या करात लहान-मोठ्याचा आणखी एक फरक आहे. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला हा कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतला किंवा नोंदणी नसलेला दुकानदार तो स्वतःच्या खिशातून भरतो. तुमची नियमित नोंदणी असेल आणि बँकेकडे जीएसटी क्रमांक दिलेला नसेल, तर हे क्रेडिट दर महिन्याला हातचे जाते.

नेहमीच्या शंका

पहिली शंका: एवढी कटकट कशाला, दोन टक्के ग्राहकाकडूनच घेऊ. डेबिट कार्डावर हा रस्ता बंद आहे. दुकानदारांनी एमडीआर ग्राहकावर टाकू नये याची खबरदारी बँकांनी घ्यायची आहे आणि डेबिट कार्डावर जादा आकारणी करणाऱ्या दुकानाशी संबंध तोडावेत, इथपर्यंत रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बजावले आहे. क्रेडिट कार्डाबाबतही मशीनच्या करारात बहुधा मनाईचे कलम असते. ग्राहकाने चार्ज स्लिप आणि बिल जोडून तक्रार केली, तर मशीन जाण्याची वेळ येते.

दुसरी शंका: सगळे यूपीआयवर चालते, मग मशीन हवेच कशाला? ज्यांची बिले लहान आहेत आणि ग्राहक रोजचे आहेत, त्यांच्यासाठी हे म्हणणे योग्य आहे. त्यांनी मशीन नाही घेतले तरी चालेल. पण मोबाइल, टीव्ही, फ्रिज, दागिने विकणाऱ्यांचा ग्राहक हप्त्यांसाठी किंवा महिनाभराच्या सवलतीसाठी क्रेडिट कार्ड काढतो. त्याला नाही म्हटले तर विक्रीच जाते. अशा दुकानाने मशीन ठेवावे, मात्र डेबिट कार्ड आणि बँक खात्यातले यूपीआय आधी पुढे करावे, आणि क्रेडिट कार्डाची कपात मार्जिनमध्ये आधीच धरून भाव ठरवावा.

तिसरी शंका जास्त खोलवरची आहे: कमी दरासाठी उलाढाल लिहून दिली, तर कर मागे लागेल. ही भीती समजण्यासारखी आहे, पण कार्ड आणि यूपीआयची रक्कम आधीच बँक खात्यात नोंदलेली असते. ती बँकेला सांगितल्याने नव्याने काही उघड होत नाही. उलट प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरला जातो, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के. खरी उलाढाल लपवून दुप्पट एमडीआर भरत राहण्यात दुकानदाराचा दोन्हीकडून तोटा आहे.

चौथी शंका: छोट्याचे कोण ऐकतो? एकट्याचे कमी ऐकले जाते, हे खरे आहे. जानेवारी २०१७ मध्ये बँकांनी पेट्रोल पंपांवर एक टक्का शुल्क लावायचे ठरवले, तेव्हा पंपचालकांच्या संघटनेने कार्ड न घेण्याचा इशारा दिला आणि ते शुल्क लांबणीवर पडले. त्यांच्याकडे मार्जिन कमी होते, पण मागणी एकत्र होती. बाजारपेठेतली पन्नास दुकाने आपल्या व्यापारी संघटनेमार्फत एका बँकेकडे गेली, तर त्यांची एकत्रित विक्री मोठ्या शोरूमइतकी होते. क्रेडिट कार्डाचा दर आणि भाडे या दोन्हींवर अशीच बोलणी करता येतात.

मशीन घेण्याआधी किंवा करार नव्याने करताना

- रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट, प्रीमियम किंवा कंपनी कार्ड, परदेशी कार्ड, यूपीआयवरील क्रेडिट कार्ड आणि वॉलेट यांचे दर वेगवेगळे लेखी घ्या.
- भाडे, बसवण्याचा खर्च, अनामत, किमान विक्रीची अट आणि ती पूर्ण न झाल्यास होणारा दंड विचारा.
- पैसे कोणत्या दिवशी जमा होतील, सुटीच्या दिवसांचे काय, आणि लगेच जमा करण्यासाठी वेगळे शुल्क आहे का, ते पाहा.
- तुमच्या धंद्याचा वर्ग बरोबर नोंदला आहे का, ते तपासा. किराणा दुकान दुसऱ्याच वर्गात गेले तर दर बदलतो.
- ग्राहकाने व्यवहार नाकारल्यास, म्हणजे चार्जबॅक आल्यास, उत्तर देण्याची मुदत किती आणि कोणती कागदपत्रे लागतील, ते लिहून घ्या. मोठ्या रकमेच्या चार्ज स्लिप आणि बिले जपून ठेवा.
- मशीन परत करताना पोच घ्या आणि भाड्यासाठी खात्यावर दिलेला आपोआप वजावटीचा आदेश त्याच दिवशी रद्द करा.

चुकीची कपात दिसली तर

१. तीन महिन्यांचे मशीनचे विवरण मागवा. कार्डाच्या प्रकारानुसार विक्री आणि कपात वेगळी करा. मग भाडे व जीएसटीसह एकूण कपातीला एकूण विक्रीने भागा. तुमचा खरा दर हा आहे.

२. रुपे डेबिटवर कपात, डेबिटवर मर्यादेबाहेर दर, किंवा २०० व १,००० रुपयांच्या वर गेलेली कपात, अशा नोंदी तारीख आणि रकमेसह लिहून काढा.

३. मशीन देणाऱ्या बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि क्रमांक घ्या.

४. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत तक्रार करा. तक्रार सीएमएस पोर्टलवर विनामूल्य नोंदवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. क्रेडिट कार्डाचा करारातला दर जास्त वाटतो, एवढ्याच कारणावर तिथे दाद मिळणार नाही, कारण तो बँकेचा व्यापारी निर्णय मानला जातो. नियमभंग दाखवता आला पाहिजे.

बँकेला द्यायच्या अर्जाचा नमुना

‘माझ्या दुकानाची मागील आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी आहे. पुराव्यादाखल प्राप्तिकर विवरणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार माझी नोंद छोटा दुकानदार या वर्गात करावी, डेबिट कार्डावर ०.४० टक्क्यांपेक्षा जास्त एमडीआर आकारू नये, रुपे डेबिट कार्डावरील कपात शून्य करावी, आजवर जास्त कापलेली रक्कम परत करावी आणि यापुढे कार्डाच्या प्रकारानुसार वेगळे विवरण दरमहा द्यावे.’

उलाढाल वीस लाखांहून अधिक असेल, तर पहिली दोन वाक्ये आणि छोट्या वर्गातल्या नोंदीची मागणी वगळा आणि ०.४० च्या जागी ०.९० टक्के आणि व्यवहारामागे १,००० रुपयांची मर्यादा लिहा. रुपेची आणि वेगळ्या विवरणाची मागणी तशीच राहते. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. तक्रारीची ३० दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते.